संत्रे कुजते कोठे : कोठारात की बागेत?

संत्र्यांची पेटी बाजारात उघडावी आणि आतून हिरव्या भुकटीने माखलेली फळे निघावीत, म्हणजे दोष साठवणीच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीत आहे. शीतगृह असते तर हे नुकसान टळले असते, असे बागाईतदार म्हणतात व कार्यकर्तेही त्यास दुजोरा देतात. आमच्या मते हे अर्धेच सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर पैसा खर्च करणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.

साठवणीतील हवेचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. तोडलेले फळही श्वासोच्छ्वास करीतच असते. केंब्रिजच्या किड व वेस्ट या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात असे दाखवून दिले की, हवेतील प्राणवायू कमी केला व कर्बाम्ल वायू वाढविला, तर सफरचंद अधिक काळ टिकते. साध्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. सफरचंदाच्या आधुनिक कोठारांत तो बहुधा १ ते ३ टक्क्यांवर आणतात. त्यामुळे फळ सावकाश पिकते आणि बुरशीस सहजासहजी बळी पडत नाही. स्ट्रॉबेरीस तर १५ ते २० टक्के कर्बाम्ल वायू सोसतो व करड्या बुरशीची वाढ त्याने मंदावते.

परंतु एका फळाचा उपाय दुसऱ्यास लागू पडतोच असे नाही. संत्र्यास प्राणवायू फार कमी पडला, तर ते आतून आंबते व चव बिघडते. छिद्रे नसलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हेच घडते. शिवाय आत पाणी सुटून बुरशीचे फावते. नागपुरी संत्र्यास ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान व ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. मात्र थंडीने हिरवी बुरशी मंदावते, मरत नाही. फळ उबेत येताच ती पुन्हा जोम धरते.

मुख्य मुद्दा असा की, ही बुरशी अभंग सालीतून आत शिरत नाही; तिला जखम लागते. नखाचा ओरखडा, ओढून तोडताना फाटलेला देठ, टोपलीची काडी, उंचावरून टाकलेले फळ, हीच तिची दारे होत. ती बागेत उघडतात; कोठारातील कोणतीही हवा ती बंद करू शकत नाही.

म्हणून खर्चाचा क्रम बदलावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. प्रथम कात्री घ्यावी व देठ फळालगत कापावा. दव वाळल्यावरच तोडणी करावी. फळे गुळगुळीत क्रेटमध्ये अलगद ठेवावीत. जखमी फळे निवडून वेगळी विकावीत आणि कुजकी फळे बागेबाहेर खोल पुरावीत. शीतगृहाचा विचार त्यानंतर करावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही शीतगृहाच्या योजना समजावून देण्यापूर्वी तोडणी करणाऱ्या मजुरांस कात्री धरावयास शिकवावे. निरोगी फळ शीतगृहात गेले, तरच भाड्याचा पैसा वसूल होईल. जखमी फळ तेथे केवळ उशिरा कुजेल.