जी बोलत होती ती

शुक्रवारी रात्री रिलीज एकदाचं बाहेर पडलं. शनिवारी दुपारपर्यंत झोप काढली आणि उठल्यावर चहाचा कप घेऊन 'पर्सोना' लावला. तिसऱ्यांदा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा ओ की ठो कळलं नव्हतं, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा कळल्याचा भास झाला. या वेळी मात्र एक वेगळीच गोष्ट डोक्यात घुसून बसली. ती इथे लिहून टाकतो, म्हणजे सोमवारी कामाला मोकळा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंगमार बर्गमनचा १९६६ सालचा सिनेमा. एलिझाबेट नावाची मोठी नटी नाटक चालू असताना अचानक गप्प होते, आणि मग बोलणंच सोडून देते. तिच्या देखभालीला आल्मा नावाची तरुण नर्स येते. दोघी समुद्राकाठच्या एका घरात राहतात. एक बोलत नाही म्हणून दुसरी बोलत सुटते. इतकी की स्वतःचं सगळं रिकामं करून बसते.

गप्प नटी झालीय लिव उलमन. बोलणारी नर्स, बिबी अँडरसन. आता गंमत बघा. 'पर्सोना' म्हटलं की लोकांना आठवतो तो उलमनचा मौन चेहरा आणि बर्गमनची प्रतिभा. पण अहो, संपूर्ण सिनेमाभर बोलतंय कोण? शब्दांचं जवळजवळ सगळं ओझं एकट्या बिबीने उचललंय! आल्मा आपली समुद्रकिनाऱ्यावरची जुनी, शरमेची हकिकत सांगते तो प्रसंग घ्या. फ्लॅशबॅक नाही, संगीत नाही. एक बाई खोलीत बसून बोलतेय, बस. तरी तो किनारा आपल्याला दिसतो. हा प्रसंग करायला ती तयार झाली, पण जे शब्द पुरुषाने लिहिलेत हे उघड कळतं ते मी बदलणार, असं तिने बर्गमनला सांगितलं होतं. म्हणजे ज्या प्रसंगासाठी आपण दिग्दर्शकाला सलाम ठोकतो, त्यात तिचा हात नुसता अभिनयापुरता नव्हता.

आणि तरी तिची ओळख काय? 'बर्गमनची नायिका.' मला हे पटत नाही.

बिबीचा जन्म १९३५चा, स्टॉकहोमचा. १९५१ साली, पंधरा वर्षांची असताना, बर्गमनने केलेल्या साबणाच्या जाहिरातीत ती दिसली. पुढे स्टॉकहोमच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या शाळेत शिकली आणि मालमोच्या नाट्यगृहात रुजू झाली. तिथे बर्गमन हिवाळ्यात नाटकं बसवायचा आणि उन्हाळ्यात त्याच नटमंडळींना घेऊन सिनेमे काढायचा. म्हणजे पडद्यावरची तिची ती सहजता आभाळातून पडलेली नव्हती, त्यामागे रोजच्या तालमी होत्या. १९५७ साली 'द सेव्हन्थ सील'मधली मिया आणि 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मधल्या दोन सारा, अशी कामं तिने केली तेव्हा ती जेमतेम एकवीस-बावीस वर्षांची होती. 'सेव्हन्थ सील' म्हटलं की मृत्यूबरोबरचा बुद्धिबळाचा डाव आठवतो. पण मिया त्या सरदाराला दूध आणि रानातल्या स्ट्रॉबेऱ्या देते तो प्रसंग काढून टाका, मग तो सरदार कशासाठी डाव उधळतो ते कळणारच नाही. वाचवण्यासारखं काहीतरी जगात आहे, हे त्याला (आणि आपल्याला) तिच्याकडे पाहून कळतं.

१९५८ साली 'ब्रिंक ऑफ लाइफ'साठी कान महोत्सवात चार अभिनेत्रींना मिळून पुरस्कार दिला गेला, त्यात ती होती. १९६३ साली बर्लिनमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तो 'द मिस्ट्रेस'साठी. त्याचा दिग्दर्शक बर्गमन नव्हे, विल्गॉट श्योमान! इतकंच काय, लिव उलमनची आणि बर्गमनची गाठ बिबीनेच घालून दिली होती. त्या दोघींच्या चेहऱ्यांतलं साम्य पाहून त्याला 'पर्सोना' सुचला. आता बोला.

आमच्या धंद्यात हे नेहमी दिसतं. एका जुन्या प्रोजेक्टच्या शेवटी अभिनंदनाची मेल आली होती. त्यात डिझाइन काढणाऱ्याचं नाव ठळक अक्षरांत. तीन रात्री जागून ते डिझाइन चालण्याजोगं करणाऱ्या मुलीचं नाव 'आणि इतर'मध्ये. डिझाइन वाईट होतं असं नाही, चांगलंच होतं. पण ते जसंच्या तसं चाललं नसतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मीही तेव्हा गप्प बसलो. ते अजून टोचतं.

बिबीच्या गोष्टीचा शेवट मात्र वेगळ्याच कारणाने टोचतो. २००९ साली तिला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. १४ एप्रिल २०१९ला ती वारली, तोपर्यंतची दहा वर्षं मौनात. बोलणाऱ्या आल्माच्या वाट्याला एलिझाबेटचं मौन आलं, असं वाक्य लिहायचा मोह कुणालाही होईल. मलाही झाला. पण माझ्या मावशीचं बोलणं असंच गेलं होतं. समोर चमचा असायचा, हवा तोच असायचा, पण शब्द सापडायचा नाही. मग ती चिडायची, रडायची आणि शेवटी हात झटकून द्यायची. त्यात काव्य बिव्य काही नव्हतं. एलिझाबेटने मौन निवडलं होतं, बिबीने नाही. हा फरक पुसून योगायोगाचं कौतुक करणं म्हणजे पुन्हा एकदा तिला दुसऱ्याच्या गोष्टीतलं पात्र करून टाकणं.

बर्गमन लहान होता असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणारा मी कोण! पण लिहिलेलं कुणीतरी उभं करावं लागतं, आणि उभं करताना ते बदलतं. श्रेय वाटताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

असो. 'पर्सोना' पाहणार असाल तर एक करा. सगळे गप्प बाईकडे बघत असतात, तुम्ही जी बोलतेय तिच्याकडे बघा. ऐकणारी माणसं जगात थोडी असतात, हे आल्माच म्हणते साधारण. सोमवारी ऑफिसात त्या मुलीला, म्हणजे आता दुसऱ्या शहरात असलेल्या त्या बाईंना, एक मेल टाकणार आहे. उशीर झालाय खरा, पण टाकतो.