आधी ‘केळु’, मग पाना

कन्नडमधला ‘केळु’ हा शब्द मला फार आवडतो. ‘विचार’ म्हणायचं असेल तरी केळु आणि ‘ऐक’ म्हणायचं असेल तरी केळु. मराठीत या दोन कामांना दोन शब्द लागतात. बंद पडलेल्या यंत्रासमोर उभं राहिलं की ही दोन्ही कामं एकच आहेत, हे पटतं. कारण यंत्राला काय झालंय ते विचारायचं म्हणजे त्याचा आवाज ऐकायचा.

माझा मामेभाऊ हैदराबादेत मेडचल रस्त्याला लग्नसमारंभासाठी जागा भाड्यानं देतो. तिकडे तिला ‘फंक्शन गार्डन’ म्हणतात. मागच्या मोठ्या मैदानासाठी त्यानं गवत कापायचं एक जुनं यंत्र घेतलंय. छोट्या ट्रॅक्टरसारखं, वर बसून चालवायचं आणि पोटाखाली गरगर फिरणारी पाती असलेलं. मैदान फक्त पावसाळ्यात हिरवं होतं, त्यामुळे दिवाळीनंतर यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये जातं, ते थेट जुलैत बाहेर येतं. आपल्याकडे चातुर्मासात लग्नं थांबतात, पण तेलुगू मंडळींची श्रावणात जोरात असतात. तर गेल्या पावसाळ्यात मुहूर्त आठ दिवसांवर आले, गवत गुडघ्याला लागलं आणि यंत्र काही सुरू होईना.

मेकॅनिक आला. न तपासताच म्हणाला, बॅटरी नवी घ्या, कार्बोरेटर नवा घ्या. भाऊ पैसे काढायला निघाला, तेव्हा गोकाक माहेर असलेली मामी म्हणाली, “अवसर माडब्याड.” घाई करू नकोस. मग चौऱ्याहत्तर वर्षांचे मामा चष्मा पुसत उठले. सारी हयात फिटर म्हणून गेलेली. मेकॅनिकला म्हणाले, “तू फक्त चावी फिरव. मी ऐकतो.”

वाचकहो, ‘यंत्र सुरू होत नाही’ ही एक तक्रार नसते, त्या तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. चावी फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही, तर फ्यूज, वायर, पूर्ण उतरलेली बॅटरी किंवा एखादा सुरक्षेचा स्विच. नुसतं ‘टक्’ झालं, तर बॅटरी अशक्त, तिची टोकं गंजलेली किंवा स्टार्टरला वीज सोडणारा सोलेनॉइड बिघडलेला. आणि घर्र घर्र करून इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर पेट्रोल, ठिणगी आणि हवा या तिघांपैकी कुणीतरी गैरहजर.

इथे ‘टक्’ झालं. मामांनी मीटर लावला. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असली की १२.६ च्या पुढं दाखवते. ही ११.८ वर होती, म्हणजे जवळजवळ रिकामी. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमलेली. खायचा सोडा कोमट पाण्यात घालून टोकं धुतली, पॉलिश पेपरनं घासली, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. नवी बॅटरी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. मामांनी प्लग काढून बघितला. इतका वेळ फिरवूनही प्लग पेट्रोलनं ओला असेल, तर पेट्रोल पोचतंय आणि खोट बहुधा ठिणगीत आहे. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोलच पोचत नाही. हा कोरडा ठणठणीत होता. कार्बोरेटरची खालची वाटी उघडली, तर तळाशी पाण्याचे थेंब आणि वर मधासारखा चिकट थर. पेट्रोल जातं ते जेटचं भोक केसाएवढं. त्या चिकट्यानं ते बुजलं होतं.

आता गंमत बघा. त्या पाण्याच्या थेंबांचं नातं थेट आपल्या उसाच्या फडाशी आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली जानेवारी २००३ मध्ये, आणि पहिल्या ९ राज्यांत महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश होते. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्के झालं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. उसाचा रस, मळी, मका, तुकडा तांदूळ यांपासून हे इथेनॉल होतं. ऊस उत्पादकाला त्याचा आधार आहे, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. पण इथेनॉलचा एक गुण असा, की ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी फार झालं, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. रोज धावणाऱ्या मोटारसायकलला त्याचा त्रास जाणवत नाही, कारण पेट्रोल साचून राहतच नाही. आठ महिने शेडमध्ये उभ्या यंत्राला मात्र जाणवतो. शिवाय जुन्या यंत्रांचे रबरी पाइप आणि वॉशर या मिश्रणासाठी बनलेले नसतात, ते फुगतात, चिरतात.

जुनं पेट्रोल काढून टाकलं, जेट क्लीनरनं मोकळा केला. सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये यंत्रांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथून प्लग, पेट्रोलचा फिल्टर आणि पाइप आणला. नवा कार्बोरेटरही लागला नाही. इंजिन पेटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण पाती फिरवायचा दांडा ओढला, की इंजिन गप्प! तीनदा तसंच.

मेकॅनिक हसला. “डायरेक्ट कर देतूं, चाचा.” सीटखालच्या स्विचच्या वायरी एकमेकींना जोडायच्या, की झालं काम. पाच मिनिटांचं. मुहूर्त तर अगदी तोंडावर. भाऊसुद्धा ‘करू द्या’ म्हणाला. मामांनी पाना खाली ठेवला आणि सांगितलं, “मग हे यंत्र विकून टाक. माझा नातू यावर बसतो.”

त्यांचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. सीटखालचा स्विच एवढंच बघतो, की वर माणूस आहे ना. पाती फिरत असताना माणूस उठला किंवा उतारावर पडला, की तो इंजिन बंद करतो. अमेरिकेत हातानं ढकलायच्या यंत्रांना तर १९८२ पासून नियमच आहे, की दांडा सोडल्यावर ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. बसायच्या यंत्रात ती राखण सीटचा स्विच करतो. तो ‘डायरेक्ट’ केला, की यंत्र सुरू होतं, पण चालवणारा खाली पडला तरी पाती फिरतच राहतात.

सीट उचलून बघितली, तर उंदरानं स्विचची वायर कुरतडली होती. माणूस बसलेला असूनही सीट रिकामी आहे असं यंत्राला वाटत होतं, आणि रिकाम्या सीटला ते बरोबरच वागत होतं. वायर जोडून, टेप लावून, नळीत घालून बसवली. अर्धा तास जास्त गेला. गवत मुहूर्ताच्या दोन दिवस आधी कापून झालं.

बसून गवत कापायचं यंत्र आपल्यापैकी फार थोड्यांकडे असेल. पण पेट्रोलचा फवारणी पंप, पॉवर विडर, छोटा जनरेटर, गोठ्यामागं उभी असलेली जुनी गाडी, यांपैकी काहीतरी घरोघरी आहे. त्यांच्यासाठी एवढं करा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करा. बॅटरीची उणे तार आधी सोडा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा. पात्यांजवळ हात घालण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. पेट्रोल उघडं असताना ठिणगी तपासू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि शेवटचं पेट्रोल कधी भरलं, ती तारीख खडूनं टाकीवर लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात यंत्राला पहिला प्रश्न तोच विचारायचा आहे.