मामंजींची पेटी आणि उशिरा येणारा सूर

पट्टी आत्ता दाबली आणि सूर मागाहून आला, असे तुमच्या बाबतीत कधी झाले आहे का? खऱ्या पेटीत ते होणार नाही. भाता फाटका असला तर सूर दुबळा येईल, पण वेळेवर येईल. माझ्या बाबतीत मात्र २०२५च्या दिवाळीनंतर हे झाले, आणि तेही घरच्या संगणकावर. त्याची ही गोष्ट. ज्यांच्या घरी मुले-नातवंडे संगणकावर गाणे-बजावणे करतात त्यांना उपयोगी पडेल, बाकीच्यांना निदान आमची फजिती कळेल.

आमच्या मामंजींची पेटी साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची होती. गोकाकच्या घरी दर एकादशीला ती बाहेर निघायची. मामंजी थकल्यावर, २०११ साली, धाकट्या भावजींनी हौसेने एक उद्योग केला. खोलीचा पंखा बंद करून, दारे लावून त्यांनी प्रत्येक पट्टीचा सूर टिपला. हलका भाता, मध्यम भाता आणि भरलेला भाता अशा तीन तऱ्हांनी, म्हणजे एकूण १२६ सूर. ते सगळे विंडोजवरच्या एका संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवले. कीबोर्डची पट्टी दाबली की मामंजींच्या पेटीचा सूर निघायचा. आम्ही तेव्हा हसलो होतो. खरी पेटी घरात असताना हे सोंग कशाला?

२०१९च्या ऑगस्टमध्ये पूर आला. पेटी दोन दिवस पाण्यात राहिली. लाकूड फुगले, सरस सुटला, भाता कुजला. भावजींचे मूळ टिपण ज्या डिस्कवर होते ती त्याआधीच गेली होती. उरली ती फक्त आमच्या बेळगावच्या संगणकातली पेटी, आणि तीही त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बंद डब्यात. दुसऱ्या कुठल्याही किल्लीने तो डबा उघडत नाही.

आता मुद्द्यावर येते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आमचा संगणक जुना, विंडोज ११च्या अटींत बसेना. चांगला चालणारा संगणक मोडीत का काढायचा, म्हणून सूनबाईने त्यावर लिनक्स घातले. सूनबाई धारवाडची, काम संगणकाचेच. पत्रव्यवहार, फोटो, बँक सगळे सुरळीत झाले. माझा प्रश्न एकच होता, "आणि पेटी?"

"अत्ती, वाइनवर चालेल की," ती म्हणाली. नावावर जाऊ नका, मंडळी! वाइन हे १९९३ साली सुरू झालेले एक मोफत सॉफ्टवेअर. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचा तर मध्ये कोणी दुभाष्या लागतो, ते काम वाइन करते. पण एकेक शब्द ऐकून, थांबून, भाषांतर करून सांगणारा दुभाष्या नव्हे. आपल्याकडची मुले जशी आजीशी मराठीत आणि अज्जीशी कन्नडमध्ये बोलतात, मनात भाषांतर करत नाहीत, तसेच. प्रोसेसरला दिलेल्या आज्ञा तशाच्या तशा थेट चालतात. विंडोजकडे काही मागणी केली की ती तेवढी वाइन लिनक्सच्या रीतीने पुरी करते. म्हणून हिशेबाचे, लिखाणाचे कितीतरी प्रोग्रॅम त्यावर झोकात चालतात.

पेटीही चालली. डबा उघडला, पडद्यावर चित्र आले. मी षड्ज दाबला आणि एक, दोन म्हणेपर्यंत नाही, पण बोट स्थिरावल्यावर सूर आला. विलंब सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा असेल. ऐकायला किरकोळ वाटते. पण हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा दहावा हिस्सा म्हणजे चौतीस मीटर. पेटीवाला गल्लीच्या टोकाला आणि तुम्ही देवघरात! द्रुत लयीत वाजवायला गेले तर बोटे आणि कान यांचे भांडणच सुरू झाले.

"स्वल्प ताळ्री अत्ती," सूनबाई म्हणाली. म्हणजे जरा धीर धरा. आता नेमका ताळच बिघडलेला असताना किती धीर धरायचा!

तिने मला जे समजावले ते पंगतीच्या भाषेत सांगते. संगणक सूर सलग पाठवत नाही, भांड्यांत भरून पाठवतो. सेकंदाला ४८,००० नमुने वाढायचे असतात. १०२४ नमुन्यांचे मोठे भांडे घेतले तर वाढप्याला खेपा कमी, पण भांडे भरेपर्यंत २१ मिलिसेकंद गेले. अशी दोनतीन भांडी वाटेत एकामागे एक ठेवलेली असली की झाला उशीर. १२८ नमुन्यांची वाटी घेतली तर सूर अडीच-पावणेतीन मिलिसेकंदांत पानात, पण सेकंदाला ३७५ खेपा. त्यातली एक जरी चुकली तरी पान रिकामे, आणि कानाला 'तड्' असा आवाज.

पहिले काम वाट सरळ करायचे. आमचा सूर सॉफ्टवेअरकडून वाइनकडे, तिथून लिनक्सच्या ध्वनीव्यवस्थेकडे आणि मग कार्डाकडे असा वळसे घेत जात होता. विंडोजवर संगीतवाल्यांसाठी आसिओ नावाची थेट वाट असते. वाइनआसिओ नावाचा जोड बसवला की तीच वाट लिनक्सच्या जॅक किंवा पाइपवायर या व्यवस्थेला जाऊन मिळते. त्याने उशीर गेला. आणि तडतड आली! भुईनळा पेटवल्यासारखी.

गंमत अशी, की संगणक किती दमला आहे हे दाखवणारा काटा बारा टक्क्यांवर होता. मग अडचण कसली? मी म्हटले, मेमरी वाढवू या का? सूनबाई हसली. काटा सरासरी सांगतो, आणि सरासरीने पंगत जेवत नाही. वाढपी दिवसभर रिकामा असून उपयोग काय, हाक मारली त्या क्षणी तो जागेवर हवा. एकेक कारण निघत गेले. काम हलके दिसले की प्रोसेसर वीज वाचवायला वेग उतरवत होता, तो पूर्ण वेगावर बांधला. आमच्या मांडणीत संगीताच्या कामाला 'मला आधी' म्हणायचा हक्कच नव्हता, तो दिला. सुरांच्या फायली जुन्या विंडोजच्या पद्धतीच्या डिस्कभागावर होत्या, त्या लिनक्सच्या भागावर आणल्या. तडतड निम्म्याने गेली, पण पुरती नाही.

उरलेले दुखणे कोठीघरातले होते. या सॉफ्टवेअरमध्ये अनेक हात एकाच वेळी राबतात आणि सतत एकमेकांसाठी थांबतात: तू भर, मग मी नेतो. थांबण्याची विंडोजची रीत लिनक्समध्ये जशीच्या तशी नव्हती. म्हणून वाइन ते काम वाइनसर्व्हर नावाच्या एका मदतनिसावर सोपवत असे. कोठीच्या किल्ल्या एकाच काकूंच्या कमरेला, आणि प्रत्येक वाटीला त्यांना विचारायचे! पत्र लिहिताना हे कळतसुद्धा नाही. सेकंदाला ३७५ खेपा असल्या की कळते.

यावरचा इलाज नेमका वेळेवर आला. ही थांबण्याची रीत लिनक्सच्या गाभ्यातच पुरवणारा एनटीसिंक नावाचा भाग २०२५च्या मार्चमध्ये ६.१४ या आवृत्तीत आला, आणि तो वापरणारी वाइनची ११वी आवृत्ती २०२६च्या संक्रांतीच्या सुमारास. सूनबाईने दोन्ही नवे घातले. २५६ नमुन्यांवर पेटी स्वच्छ वाजू लागली. १२८वर मात्र, सॉफ्टवेअरची रंगीबेरंगी खिडकी उघडी ठेवून जास्त पट्ट्या दाबल्या की अजून एखादा तड् यायचा. खिडकी मिटून वाजवावे, हा आमचा घरगुती उपाय.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण एका सकाळी सॉफ्टवेअरने परवाना मागितला. वाइन नवे झाले, त्याला वाटले यंत्रच नवे आहे. आमच्या प्रतीला दोनच यंत्रांची मुभा. एक जुन्या विंडोजवर खर्ची पडलेली, दुसरी त्या दिवशी गेली. ते सॉफ्टवेअर आता विकतही नाहीत. पेटी उघडली खरी, पण दोघींच्या पोटात गोळा आला. पुढच्या वेळी काय?

तेव्हा मला कॅसेटचे दिवस आठवले. रेडिओवरचे गाणे धरून ठेवायला आपण टेप लावून बसायचो ना? मी म्हटले, "मी एकेक पट्टी दाबत बसते. तू भरून घे. मला ताल सांभाळायचा नाही, सूर उशिरा आला तर येऊ दे." सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. बारा दिवस ती वाटी लहान करत होती, आणि आता सगळ्यात मोठे भांडे घेतले तरी चालणार होते!

तीन दुपारी लागल्या. १२६ सूर, प्रत्येकी वीस सेकंद. साध्या ध्वनी-फायली झाल्या, आणि कुठली पट्टी दाबली की कुठली फाइल वाजवायची याची यादी एसएफझेड नावाच्या साध्या मजकुराच्या फायलीत. ती कोणालाही उघडून वाचता येते. सूफिझ्झ नव्हे, स्फिझ नावाचे मोफत सॉफ्टवेअर ती लिनक्सवरच वाजवते, मध्ये दुभाष्या नाही, परवाना नाही. १२८ नमुन्यांवर मी तासभर वाजवले, एक तड् नाही. प्रती तीन केल्या. एक आमच्याकडे, एक धारवाडला विहीणबाईंच्या कपाटात, एक गोकाकला.

त्या संध्याकाळी भावजींना फोन लावला आणि काळी दोनमध्ये मंद्रापासून वर चढत गेले. ते बराच वेळ गप्प होते.

"वहिनी, त्या कोमल धैवताखाली भात्याची करकर येते बघा," शेवटी म्हणाले. "तेवढी साफ करू नका."

नाही केली.