खांदा आलेला बैल आणि गुडघा गेलेला गडी



मागच्या आठवड्यात हरभरा बघायला किनवटच्या अलीकडच्या एका गावी गेलो होतो. घाटे भरत आले होते, अळीही दिसली. बांधावर बसून कामगंध सापळ्यांचे बोलणे चालले होते, तेवढ्यात मालकाचा धाकटा मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन आला. वय एकोणीस-वीस, अंगाने भरलेला, पण उजवा पाय जरा जपून टाकत होता. मी विचारले, "काय झालं रे?"

त्याच्या आधी बापच बोलला. "काय सांगावं साहेब, दसऱ्यापासून लंगडायलंय. कबड्डीत मुरगळला म्हणायलंय. तीनदा चोळून आणला. आता जरा बरं हाय, तर संक्रांतीच्या सामन्यात उतरतो म्हणायलंय. गावाची ढाल हाय ना!"

पोरगा हसून म्हणाला, "काका, पट्टी घट्ट बांधली की काही होत नाही."

हे वाक्य मी ओळखतो. परभणीला कृषी महाविद्यालयात असताना मीही तेच म्हणालो होतो. पट्टी घट्ट बांधली, आंतरमहाविद्यालयीन सामना खेळलो, टाळ्याही घेतल्या. आज पन्नाशी ओलांडल्यावर नाल्याची उतरण उतरताना हातात काठी लागते. म्हणून हा आठवडा पिकाचा नव्हे, गुडघ्याचा.

कबड्डी हा आपला खेळ आहे. मैदान लागते ते नांगरलेल्या रानासारखे भुसभुशीत, बाकी काही नको. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी तो परदेशी लोकांना करून दाखवला. बुवा साळवींसारख्यांनी गावोगाव फिरून तो उभा केला; त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला प्रथमच पदकाचा मान मिळाला आणि भारताने सुवर्णपदक आणले. २०१४ पासून प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ गादीवर, दिव्यांखाली, घराघरातल्या टीव्हीवर आला.

या नव्या कबड्डीत आपल्या महाराष्ट्राचा एक गडी आहे, अस्लम इनामदार. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यातले टाकळीभान हे त्याचे गाव. वडिलांचे छत्र लहानपणीच गेले, आईने मोलमजुरी करून घर चालवले. अशा घरातून आलेला हा मुलगा २०२१-२२ च्या हंगामात पुणेरी पलटणकडून उतरला आणि पहिल्याच वर्षी लोकांनी त्याचे नाव लक्षात ठेवले. कारण तो नुसता चढाईपटू नाही. समोरच्या अंगणात जाऊन गुण आणतो, आणि परत आला की पकडीलाही उभा राहतो. एकच बैल नांगराला आणि गाडीलाही चालावा, तसा. असा गडी प्रेक्षकांचा लाडका होणारच.

पण दोन्ही कामे करणाऱ्या बैलाच्या खांद्यावर भारही दुप्पट येतो. २०२२ च्या हंगामात पुणेरी पलटण प्रथमच अंतिम फेरीत गेली. १७ डिसेंबरला मुंबईत जयपूरशी सामना होता आणि अस्लम दुखापतीमुळे बाहेर बसला होता. पुण्याचा संघ २९-३३ असा हरला. चार गुणांचा फरक! त्या दिवशी कितीतरी घरांत लोक म्हणाले असतील, "अस्लम असता तर..." पट्टी बांधून त्याला उतरवले असते तर? टाळ्या मिळाल्या असत्या. पण मग पुढचे काही घडले असते का, हे बघा.

पुढच्याच वर्षी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधील हांगझो येथे आशियाई स्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. सामना २८-२८ असा बरोबरीत असताना पंचांच्या निर्णयावरून वाद झाला, खेळ बराच वेळ थांबला होता. त्या भारतीय संघात अस्लम होता, आणि नाशिककडचा आकाश शिंदेही होता. त्यानंतरच्या हंगामात अस्लम पुणेरी पलटणचा कर्णधार झाला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. त्या हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून अस्लमचीच निवड झाली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर सिनेमा झाला असता. पण २०२४ च्याच हिवाळ्यातल्या पुढच्या हंगामात त्याच्या गुडघ्याने दगा दिला. कर्णधार पुन्हा बाहेर बसला आणि गतविजेता संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. २०२५ मध्ये तो परत आला, पुन्हा कर्णधार झाला, संघाला पुन्हा अंतिम फेरीत नेले. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दिल्लीच्याच संघाकडून २८-३१ अशी हार झाली. हरला खरा, पण स्वतःच्या पायावर उभा राहून हरला. दोन वेळा बाहेर बसलेला गडी तिसऱ्यांदा मैदानात उभा राहू शकला, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट.

हे एकट्याचे दुखणे नाही. चंदगड तालुक्यातला हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये पहिल्याच हंगामात दोनशेच्या वर गुण घेऊन गेला, लोकांनी त्याला 'बाहुबली' म्हटले. पुढच्या वर्षी त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. मग २०२१-२२ चा हंगाम दुखापतीने हिरावून घेतला.

दूरदेशीही हीच कथा. फिलिपीन्स म्हटले की आम्हा शेतकी खात्याच्या लोकांना लॉस बॅनोसची भात संशोधन संस्था आणि १९६६ ची आयआर-८ जात आठवते. पण त्या देशात गल्लोगल्ली बास्केटबॉलची कडी टांगलेली असते. तिथे सॅम्बॉय लिम नावाचा खेळाडू होऊन गेला. उडी मारली की हवेतच तरंगतो असे वाटे, म्हणून लोक त्याला 'आकाशात चालणारा' म्हणत. जितका उंच उडे, तितकाच जोरात आदळे. १९८६ ते १९९७ एवढीच त्याची व्यावसायिक कारकीर्द, आणि त्यातलाही बराच काळ दुखापतींनी खाल्ला. पण लोकांनी त्याला विसरले नाही; तो २०२३ च्या डिसेंबरात गेला तेव्हा सारा देश हळहळला. योगायोग असा की १९९० च्या त्याच बीजिंग स्पर्धेत त्याच्या संघाने रौप्यपदक मिळवले होते.

आता या कथा मी का सांगतोय? कारण या नामवंतांच्या मागे डॉक्टर असतो, व्यायाम करून घेणारा माणूस असतो, "आज खेळायचे नाही" असे सांगणारा कोणीतरी असतो. आपल्या पोराच्या मागे कोण? टाळ्या वाजवणारे गाव आणि चोळून देणारा शेजारी.

गुडघा म्हणजे काय ते समजून घ्या. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड आत दोन दोरांनी फुलीसारखे बांधलेले असतात. मध्ये दोन गाद्या असतात. पाय जमिनीत रुतलेला आणि अंग गर्रकन फिरले, म्हणजे कबड्डीत घडते तेच, तर पुढचा दोर तुटतो. पुष्कळदा 'टक्' असा आवाज येतो आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगतो. दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते. मग माणूस सरळ चालतो, सायकल चालवतो, आणि 'बरे झाले' असे समजतो. खरी गोम इथेच आहे. सरळ चालताना तो दोर फारसा लागतच नाही. तो लागतो वळताना. वळताना गुडघा 'सटकतो', आणि प्रत्येक वेळी सटकताना आतली गादी चिरडत जाते. दोराची शस्त्रक्रिया होते. चिरडलेली गादी पूर्ववत होणे फार अवघड.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. मार लागताच खेळ थांबवा. पहिले दोन दिवस चोळू नका, शेकू नका. फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा. सूज लगेच आली असेल किंवा गुडघा सटकत असेल, तर गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. तिथून गरज पडली तर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात जा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या, आणि शासकीय योजनेत काय बसते ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. दोराची शस्त्रक्रिया झालीच तर मैदानात परतायला साधारण नऊ महिने धरून चाला. त्यातला अर्धा इलाज मांडीच्या व्यायामाचा असतो. तो चुकवला तर शस्त्रक्रियेचा खर्च पाण्यात.

त्या बापाला मी एकच विचारले, "पाटील, बैलाचा खांदा आला तर जू ठेवता का?"

"कसं ठेवीन साहेब? खांदा फुटंल की. मग ते जनावर जन्माचं गेलं."

"पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचा खांदा लोण्या-हळदीने मळता. आणि पोराचा गुडघा आला तर ढालीसाठी जुंपता?"

तो गप्प झाला. मग पोराकडे वळलो. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. घरी तीन एकर कोरडवाहू, दोघे भाऊ. भरतीत १६०० मीटर धावावे लागते, १०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तेही त्याच्या मनात आहे. म्हणजे त्या एका गुडघ्यावर दोन वाटा उभ्या आहेत, आणि तो संक्रांतीच्या एका दुपारसाठी दोन्ही पणाला लावायला निघाला होता.

त्याच्या आईने आतून सगळे ऐकले असावे. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "भाऊ, म्या रोज सांगायलेय. पण माझं कोण ऐकतंय? गाव म्हणतं, पोरगं भ्यालं."

बंधूंनो, थांबणे म्हणजे भिणे नव्हे. अस्लम अंतिम सामन्यात बाहेर बसला, म्हणून त्याला कोणी भित्रा म्हटले नाही. गावाने जर पोराला ढालीसाठी उभे केले असेल, तर त्याला थांबवायची जबाबदारीही गावाचीच. सामने भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. मैदान दोन दिवस आधी नीट खणून, खडे वेचून, माती मऊ करा. कडेला बर्फाचा डबा ठेवा. आणि लंगडणाऱ्या गड्याला खेळवायचे नाही, असा नियमच करा. वर्गणीतून शंभर-दोनशे रुपये जास्त जातील. एक पाय वाचेल.

काल फोन आला. बापलेक गोकुंद्याला जाऊन आले. पुढच्या तपासणीसाठी नांदेडची चिठ्ठी मिळाली आहे. संक्रांतीच्या सामन्यात पोरगा वही घेऊन गुण लिहायला बसणार आहे. "बसून राहणं लई जड जाईल, काका," म्हणाला. जाईल. मलाही गेले असते. बसलो नाही, म्हणून आज काठी आहे.

घाटेअळीचे बोलणे त्या दिवशी अर्धेच राहिले. ते पुढच्या आठवड्यात पूर्ण करू. तोवर हरभऱ्यात एकरी आठ-दहा पक्षीथांबे तेवढे उभे करून ठेवा.