सौर बॅटरी संचांतील फ्यूज व शंट योग्य जागी बसवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद.

विषय : आरोग्य उपकेंद्रे व शाळांमधील सौर बॅटरी संचांची तपासणी करून फ्यूज व शंट योग्य जागी बसवून मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे वायरमन व सौर तंत्रज्ञ जिल्ह्यातील उपकेंद्रांत आणि शाळांत देखभालीची कामे करतो. काही संचांत साहित्य पुरेसे आहे, पण ते चुकीच्या जागी बसवले आहे आणि त्यातून आगीचा धोका आहे.

एका उपकेंद्रात फ्यूज बॅटरीजवळ नसून भिंतीवर, इन्व्हर्टरशेजारी आहे. बॅटरीपासून निघालेल्या दोन्ही केबली लोखंडी कपाटाच्या धारदार कडेवरून एकत्र गेल्या आहेत. तिथे इन्सुलेशन घासून शॉर्ट झाला, तर तो करंट फ्यूजमधून जाणारच नाही. फ्यूज शाबूत राहील आणि केबल पेटेल. लिथियम बॅटरी अशा वेळी हजारो अँपिअर करंट देऊ शकते.

तिथेच इन्व्हर्टरची निगेटिव्ह केबल करंट मोजणारा शंट वगळून थेट बॅटरीला जोडली आहे. सोलरचे चार्जिंग शंटमधून मोजले जाते, इन्व्हर्टरचा वापर मोजलाच जात नाही. त्यामुळे बॅटरी मॉनिटर 100 टक्के दाखवत असताना बॅटरी उतरलेली असते. रात्री प्रसूतीसाठी आलेल्या बाईला आणि परिचारिकेला याची किंमत मोजावी लागू नये.

आमच्या मागण्या :

1. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला लागून असावा. बोटींसाठीच्या अमेरिकी एबीवायसी मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त 7 इंच आहे. तोच दंडक धरावा. समांतर जोडलेल्या प्रत्येक लिथियम बॅटरीला स्वतंत्र फ्यूज द्यावा.

2. फ्यूज हिशेबाने निवडावा. 24 व्होल्टवरचा 2000 वॅटचा इन्व्हर्टर 90 टक्के कार्यक्षमतेने सुमारे 93 अँपिअर घेतो. त्यावर 25 टक्के धरून 125 अँपिअरचा फ्यूज लागतो, आणि केबलची क्षमता त्याहून जास्त हवी.

3. बॅटरीच्या बाजूला घरगुती एसी एमसीबी वापरू नये. एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीमध्ये ती पेटती राहू शकते. 48 व्होल्टच्या संचात 32 व्होल्टचा फ्यूज नको. मोठ्या लिथियम संचांना 20,000 अँपिअर तोडू शकणारा क्लास टी फ्यूज द्यावा.

4. शंटच्या एका टोकाला फक्त बॅटरीची निगेटिव्ह असावी. इन्व्हर्टर, चार्जर व सर्व लोड दुसऱ्या टोकाला. मॉनिटरच्या बारीक पॉझिटिव्ह तारेलाही बॅटरीजवळ छोटा फ्यूज असावा.

5. ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी डीसी क्लॅम्प मीटर आणि मॉनिटरचे रीडिंग जुळवून पाहावे, जोडणीची आकृती संचाजवळ लावावी.

उपकेंद्रांपासून सुरुवात करून 30 दिवसांत तपासणीचे आदेश द्यावेत, ही नम्र विनंती. तपासणी पथकासोबत आम्ही विनामोबदला येऊ.

आपले विश्वासू,
जिल्ह्यातील वायरमन व सौर तंत्रज्ञ

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हा आरोग्य अधिकारी