राजन कोठें आहे?

पुढारी मोठा कीं लहान, हें त्याच्या गळ्यांतील हारांवरून ठरत नाहीं. त्याच्या अमलांत चौकीवर नेलेलें पोर घरीं परत आलें कीं नाहीं, यावरून तें ठरतें. केरळचे करुणाकरन यांस त्यांचे भक्त 'लीडर' म्हणत. त्यांनाही आपण हीच फूटपट्टी लावून पाहूं.

साल 1976. देशांत आणीबाणी, आणि करुणाकरन केरळचे गृहमंत्री. फेब्रुवारीअखेर नक्षलवाद्यांनीं कायण्णा येथील पोलीस ठाण्यावर हल्ला केला. लगेच 1 मार्च रोजीं कालिकतच्या इंजिनियरिंग कॉलेजांतला राजन नांवाचा विद्यार्थी पोलिसांनीं उचलला व कक्कयमच्या छावणींत नेला. तेथें चौकशीची रीत कोणती? माणसास बांकावर आडवा बांधावयाचा आणि पोळी लाटावी तसें जड लांकडी मुसळ त्याच्या मांड्यांवरून लाटावयाचें! त्या छळांत राजन मेला. त्याचें प्रेत आजवर कोणास सांपडलें नाहीं.

बाप ईच्छर वारियर, हिंदीचे प्राध्यापक. त्यांनीं दारोदार अर्ज केले, मंत्र्यांचे उंबरठे झिजविले. मायबाप सरकार मुकें! 1977 च्या मार्चांत आणीबाणी उठली आणि करुणाकरन मुख्यमंत्री झाले. त्याच सुमारास बापानें हायकोर्टांत 'माझा मुलगा हजर करा' असा अर्ज गुदरला. सरकारनें शपथेवर जबाब दिला, कीं आम्हीं त्यास पकडलेंच नाहीं! न्यायमूर्ति पोट्टी व खालिद यांनीं हा जबाब फेटाळला, अटक झालीच होती असें ठरविलें व राजनास हजर करण्याचा हुकूम केला. मेलेलें पोर हजर कोठून करणार? महिनाभरांत करुणाकरन यांस खुर्ची सोडावी लागली, आणि मे महिन्यांत सरकारला राजनचा मृत्यु कबूल करावा लागला.

कोणी म्हणेल, गृहमंत्र्यानें स्वतः का मुसळ हातीं धरलें? नाहीं धरलें. आमचा तसा आरोपही नाहीं, आणि कोर्टानें त्यांस शिक्षाही केली नाहीं. परंतु पोलीस ज्याच्या हुकमांत, त्यास पोलिसांचें पाप ठाऊक होतें कीं नव्हतें? ठाऊक असून लपविलें, तर तो गुन्हा. आणि बाप विचारीत असतां वर्षभर शोधच केला नाहीं, तर ती नालायकी. तिसरी वाट आम्हांस दिसत नाहीं.

दुसरा बचाव असा, कीं पोर नक्षलवाद्यांत होतें. असो वा नसो! गुन्हा असेल तर न्यायाधीश आहे, तुरुंग आहे. मुसळ कोणत्या कायद्याच्या पुस्तकांत आहे?

आणि पाप एकट्या काँग्रेसच्या पदरांत टाकून कम्युनिस्टांनीं हात धुवूं नयेत. त्या मंत्रिमंडळाचे मुख्य अच्युत मेनन हे त्यांचेच. जू एक आणि बैल दोन!

राजीनाम्यानें हिशेब फिटला म्हणावें, तर हाच पुढारी पुढें आणखी तीनदां मुख्यमंत्री झाला, 1995 सालीं दिल्लींत केंद्रीय मंत्रीही झाला. पक्षानें त्याला पुन्हा पुन्हा डोक्यावर घेतलें, मतदारांनीं मतें दिलीं. बाप मात्र 2006 सालीं मुलाच्या अस्थि न पाहतांच गेला.

वाचकहो, ही केवळ केरळची गोष्ट नव्हे. छळाविरुद्धच्या जागतिक करारावर हिंदुस्थान सरकारनें 1997 त सही केली. दोन तपें उलटलीं तरी त्यास मंजुरी नाहीं. 2010 त लोकसभेनें छळबंदीचें बिल पास केलें, तें राज्यसभेंत अडकून मेलें. मध्यंतरीं दिल्लीचीं सरकारें बदललीं, पक्ष बदलले. मुसळ बदललें नाहीं.

म्हणून मत मागावयास जो दारीं येईल, त्याचा झेंडा पाहूं नका. त्याला एवढेंच विचारा: तुझ्या अमलांत चौकींत माणूस मेला, तर बापाच्या प्रश्नाला तूं खरें उत्तर देशील काय? जो खालीं पाहील, त्याला रिकाम्या हातानें परत पाठवा.