चाकांवरच्या घरात झोपावे कधी?

वसई-विरारमधून कोकणात किंवा गोव्याला गाडीने जायचे म्हटले, की बहुतेक घरांत एकच बेत ठरतो. शुक्रवारी कामावरून यायचे, जेवणे उरकायची आणि रात्री अकराला निघायचे. रस्ता मोकळा मिळतो, मुले झोपून जातात, सुट्टीचा एक दिवस वाचतो. आता भाड्याने मिळणाऱ्या कॅराव्हॅनने या बेतात भर घातली आहे. आत पलंग, ओटा, फ्रिज आणि शौचालय. त्यामुळे आजी-आजोबांसह सगळे आडवे होऊन प्रवास करतील, अशी कल्पना असते. धोका नेमका या कल्पनेत आहे.

कॅराव्हॅन वाईट नाही. वारंवार लघवीला जावे लागते म्हणून प्रवास टाळणाऱ्या ज्येष्ठांना ती घराबाहेर काढते. मधुमेहींचे इन्सुलिन थंड राहते, पथ्याचे जेवण वेळेवर मिळते. प्रश्न आहे तो या गाडीत कोण, कधी आणि कसे झोपते याचा.

पहिली झोप गाडी चालवणाऱ्याची. सकाळची लोकल गाठण्यासाठी पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री अकराला अठरा तास जागा असतो. १७ ते १९ तास सलग जागे राहिल्यावर मेंदूचा प्रतिसाद जवळपास १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याइतका मंदावतो, असे झोपेवरील अभ्यासांत आढळले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे दारूचा थेंबही न घेता हा गृहस्थ निघतानाच झिंगलेल्यासारखा असतो. पुढे पहाटे दोन ते सहा ही शरीराच्या घड्याळानुसार सर्वात गाढ झोपेची वेळ घाटात येते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर चालकाविना. चहा-कॉफीने थोडा वेळ तरतरी येते, पण झोपेची उणीव भरून निघत नाही.

दुसरी झोप मागच्या प्रवाशांची. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला, पुढचे दोघे बचावले. मागच्यांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी थांबली तरी बेल्ट नसलेले शरीर त्याच वेगाने पुढे जाते आणि समोर जे असेल त्यावर आदळते. पलंगावर झोपलेल्या माणसाचे तेच होते. शिवाय तो पुढे बसलेल्यांवर फेकला जातो. मांडीवरचे बाळ तर सशक्त हातांनाही धरून ठेवता येत नाही. म्हणून गाडी चालू असताना पलंग वापरायचा नाही. जितकी बेल्टची आसने, तितकेच प्रवासी. ओट्यावरची भांडी, सिलिंडर, पाण्याचे कॅनही बांधलेले हवेत.

तिसरी झोप गाडी थांबल्यानंतरची. ती सर्वात निर्धोक वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याचे तपासात समोर आले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणे प्रवासाच्या शिणाची किंवा बाहेरच्या खाण्याची वाटतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही फसतो आणि आकडा चांगला दाखवतो. एकाच गाडीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर गोळी शोधत बसू नये. सर्वांनी लगेच मोकळ्या हवेत यावे आणि १०८ ला फोन करावा. एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर सुरू ठेवून झोपू नये. बंद गाडीत शेगडी पेटवू नये.

यातले सगळेच कुटुंबावर ढकलून चालणार नाही. राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात गाड्यांबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे. वीज, पाणी आणि सुरक्षित जागा देणारे असे तळ किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पुरेसे झाले, तर रात्रभर जनरेटर चालवण्याची गरजच उरणार नाही. भाड्याच्या प्रत्येक गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे हवे. तोवर पैसे भरण्याआधी प्रत्येकाने दोन गोष्टी विचाराव्यात : बेल्टची आसने किती आणि हे यंत्र आहे का? उत्तर मिळाले नाही, तर दुसरी गाडी पाहावी.

आणि निघण्याची वेळ बदलावी. शुक्रवारी रात्री घरी झोपून शनिवारी सकाळी सहाला निघाले, तरी विरारकरांना दुपारच्या जेवणाआधी बोर्डीचा समुद्र दिसतो आणि दुसऱ्या दिवशी जव्हारचे डोंगरही गाठता येतात. कोकण किंवा गोवा गाठायचा असेल, तर वाटेत एक मुक्काम करावा. पलंग असलेली गाडी घेतली आहे ती त्यासाठीच.